दगडांची पेटी, एकच फेरी

तराजूकाकांनी आयुष्यात गुंजभर वजन कधी चुकवलं नव्हतं, म्हणूनच त्यांनी ती दगडांची पेटी भर फाटकात भरली यावर आजही कुणाचा विश्वास बसत नाही. विश्वास बसो न बसो, भरली हे खरं. पाहणारे अख्ख्या गल्लीचे लोक होते, आणि वाईट गोष्ट अशी की पाहून सगळ्यांनी वाहवा केली होती.

काका वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. नोकरीत असताना ते बाजारात शिरले की दुकानदार घाईघाईने पारड्याखालचं मेण खरवडायला लागत. बांधलेल्या पोत्याकडे नुसतं बघून ते म्हणत, "यात दीड किलो कमी आहे," आणि पोतं काट्यावर चढवलं की दीड किलोच कमी निघे. सव्वा नाही, पावणेदोन नाही. त्यांच्या या कीर्तीमुळे गल्लीने त्यांचं पाळण्यातलं नाव केव्हाच विसरून त्यांना तराजूकाका करून टाकलं होतं. त्यांचा त्याला विरोध नव्हता. उलट फोन आला तरी ते "हॅलो, तराजूकाका बोलतोय" असंच म्हणत.

तर झालं असं की, घरामागे एक ओढा आहे. एरवी तो इतका बारीक वाहतो की त्याला ओढा म्हणताना आपल्यालाच संकोच वाटावा. पण पावसाळ्यात त्याच्या अंगात येतं. गेल्या पावसाळ्यात त्याने परसदाराची बरीच माती गिळली आणि काठावरच्या कागदी लिंबाच्या झाडाची अर्धी मुळं उघडी पडली. हे झाड काकूंचं. घराचा पाया खणला त्याच वर्षी त्यांनी लावलेलं. झाडाखाली एक लाकडी बाक, आणि त्या बाकावर सकाळचा पहिला चहा, हा काकूंचा कित्येक वर्षांचा नेम. काका नोकरीत होते तेव्हा भल्या पहाटे दौऱ्यावर निघायचे, म्हणून तो चहा काकू एकट्याच प्यायच्या. निवृत्त झाल्यावर काका त्या बाकावर शेजारी जाऊन बसू लागले तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं की आपल्या घरात इतकी चांगली जागा आहे आणि आपण ती इतकी वर्षं फुकट घालवली. ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली होती.

एका सकाळी काकू मुळांकडे बघत म्हणाल्या, "यंदा हे जाणार हो."

"जायला मी काय मेलोय का?" काका म्हणाले. "पावसाच्या आत तो काठ मी बांधून देतो. माझा शब्द."

काकूंनी चहाचा घोट घेतला. नवऱ्याने आजवर स्वतःच्या हाताने फक्त एकच गोष्ट केली होती, ती म्हणजे भिंतीत ठोकलेला एक खिळा, आणि तो खिळा कॅलेंडरसकट पडला होता.

आता काठ बांधायचा म्हणजे भिंत, असं आपल्यासारख्याला वाटतं. पण काकांना एक मेव्हणा होता. मेव्हणा म्हटल्यावर त्याला जगातलं सगळं ठाऊक असणार हे ओघानेच आलं. काकूंचा हा धाकटा भाऊ रस्त्यांच्या एका ठेकेदाराकडे देखरेखीला होता, त्यामुळे त्याला तर जगाच्या खालचंही ठाऊक होतं.

"भाऊजी, भिंतबिंत विसरा," तो बशीत चहा ओतत म्हणाला. "भिंतीमागे पाणी साठतं, पाणी दाबतं, आणि भिंत बसते ओढ्यात. आम्ही घाटात काय करतो? गॅबियन! तारेच्या जाळीची चौकोनी पेटी. मीटरभर लांब, मीटरभर रुंद, तेवढीच उंच. आत दगड भरायचे, वरून झाकण शिवून टाकायचं. पाणी दगडांतून पाझरून जातं, माती राहते जागेवर. सहा पेट्या लावा, तुमचं झाड नातवंडांपर्यंत टिकतं की नाही बघा."

"टोपलीत दगड भरून काठ थांबतो?" काकांना शंका.

शेजारचे इतिहासाचे सर नेमके तेव्हाच पेपर मागायला आले होते. सर निवृत्त होते, पण त्यांचा तास संपायचा होता. ते उभ्याउभ्याच म्हणाले, "थांबतो म्हणजे काय! तोफांचे गोळे थांबत. किल्ल्याला वेढा घातला की सैनिक वेताच्या माणूसभर उंच टोपल्या विणत, रांगेने मांडत, मातीने भरत, की झाली तटबंदी! मागे तोफ, पुढे टोपली. दगडी तट फुटत, पण मातीची टोपली गोळा पोटात घेई आणि ढेकरसुद्धा देत नसे." एवढं बोलून सर पेपर न घेताच गेले, कारण विषय पेपरपेक्षा मोठा झाला होता.

काका नियमाने चालणारे. ओढा सरकारचा, काठ आपला, मग मध्ये काय बांधायचं ते विचारून बांधलेलं बरं, म्हणून ते पालिकेच्या क्षेत्र कार्यालयात गेले. तिथले साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी पेटीचं चित्र उलटंसुलटं करून बघितलं.

"हे बांधकाम आहे की टोपली?"

"म्हणजे?"

"बांधकाम असेल तर नकाशा लागेल, नकाशाला शिक्का लागेल, आणि शिक्का मारणारा रजेवर आहे. टोपली असेल तर ती घरगुती वस्तू. घरात टोपली ठेवायला कोण परवानगी मागतं?"

"मग टोपली," काका चटकन म्हणाले.

"पण टोपली म्हणजे हलवता येण्याजोगी हवी. उद्या मी येऊन म्हटलं, हलवा, तर हलली पाहिजे. नाही हलली तर ते बांधकाम."

"हलेल की!" काका छाती काढून म्हणाले. "न हलायला काय झालंय?"

हे वाक्य त्यांना पुढे फार महागात पडायचं होतं. पण त्या दिवशी ते विजयी मुद्रेने घरी आले आणि काकूंना म्हणाले, "कामं अशी करायची असतात."

मेव्हण्याने पेट्या आणून टाकल्या. घडी घातलेल्या जाळ्या त्या, दुमडून ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांसारख्या. मग दगडांचा ट्रक आला, आणि इथेच नशिबाने काटा मारला. घराला फाटक एकच, तेही शेजारच्या दातांच्या डॉक्टरांशी सामाईक. फाटकातून आत पन्नासेक पावलांची वाट, मग घराच्या कडेने बोळ, आणि त्या बोळातून परसदार. ट्रक फाटकाशी अडला. ड्रायव्हरने मागची फळी सोडली आणि सगळे दगड फाटकाच्या कडेला ओतून तो निघून गेला.

काका त्या ढिगाकडे बघत राहिले. हातात पाटी. एका पाटीत चार-पाच दगड. फाटकापासून काठापर्यंत जायचं, ओतायचं, परत यायचं. खात्यातला माणूस जसा हिशेब करतो तसा त्यांनी हिशेब केला. एका पेटीला दोनशे फेऱ्या तरी होणार. मग त्यांच्या डोळ्यांत तेज आलं.

"अगं ए, ऐकलंस का?" त्यांनी काकूंना हाक मारली. "दगड नेऊन तिकडे पेटी भरायची, त्यापेक्षा दगडांपाशीच पेटी भरू. भरली की नेऊ. दोनशे फेऱ्यांच्या जागी एकच फेरी!"

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं, ढिगाकडे बघितलं. "तुम्हाला योग्य वाटेल ते करा," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

या जगात बायकोचं "तुम्हाला योग्य वाटेल ते करा" ज्याने नीट ऐकलं, तो तरला. काकांनी ते ऐकलं, पण अनुमोदन म्हणून.

त्यांनी पहिली पेटी फाटकाच्या तोंडाशी, सपाट जागा बघून उभी केली. कोपरे तारेने शिवले. पक्कड हातात धरायची सवय नव्हती, म्हणून पहिल्या दिवशी तारेपेक्षा बोटंच जास्त वळली. पण एकदा हात बसला आणि काकांना त्या कामाची अशी काही गोडी लागली की जेवायला बोलवायला जावं लागे. बाहेरच्या बाजूला मोठे, सपाट तोंडाचे दगड, एकमेकांत अडकवून. आत लहान. मध्ये आडव्या तारा, म्हणजे पेटीचं पोट सुटत नाही. दगड हातात घ्यायचा, फिरवायचा, त्याची जागा शोधायची, जागा सापडली की तो असा बसायचा की जणू तिथेच जन्मला. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं तपासलेल्या माणसाला स्वतःच्या हातून काहीतरी तयार होतंय हे बघणं फार नवीन होतं. काका खुशीत शीळ घालू लागले. कुठलं गाणं ते कळत नव्हतं, कारण शीळही नवशिकी होती.

गल्ली जमली. सल्ला द्यायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे सल्ल्याचा पाऊस पडला. कुणी म्हणालं तो लाल दगड पुढे घ्या, कुणी म्हणालं मागे. मेव्हणा एकदा येऊन गेला. त्याने पेटीवर थाप मारली आणि म्हणाला, "घाटातसुद्धा इतकी सफाई नसते भाऊजी!" त्याला कामावर परत जायची घाई होती, त्यामुळे पेटी कुठे उभी आहे ते त्याने बघितलंच नाही. इतिहासाचे सर रोज संध्याकाळी येऊन पेटीमागे वाकून उभे राहत आणि रस्त्याकडे डोळे बारीक करून बघत, शत्रू कुठवर आला ते. ही पेटी नेणार कशी, हा प्रश्न एवढ्या शहाण्या लोकांत एकालाही पडला नाही.

आठवड्याने झाकण बसलं. काकांनी ते कडेने शिवलं, शेवटचा पीळ मारला, हात झटकले आणि मोठ्या समारंभाने सरांना म्हणाले, "धरा त्या बाजूने."

सरांनी धरली. काकांनी धरली. दोघांनी "हं" म्हटलं. पेटीने काहीच म्हटलं नाही.

पुन्हा "हं". सरांच्या कमरेतून एक बारीक आवाज आला, पेटीतून तोही नाही.

आणि तेव्हा, वाकलेल्या स्थितीतच, काकांच्या डोक्यातला जुना काटा आपोआप हलला. मीटरभर लांब, मीटरभर रुंद, मीटरभर उंच. मधल्या पोकळ्या वजा. दगडाचं वजन इतकं. काटा थरथरला आणि थांबला. सतराशे किलो. पोतं बघून दीड किलोची चोरी पकडणाऱ्या माणसाने सतराशे किलो समोर बसून, स्वतःच्या हाताने, शीळ घालत भरले होते.

काका सरळ झाले. चेहरा पांढराफटक. पण खात्याची माणसं चूक कबूल करत नाहीत, विचारार्थ ठेवतात. "जरा... सुकू दे," ते म्हणाले.

"दगड?" सरांनी विचारलं.

ही बातमी कदाचित दबली असती, पण आता डॉक्टर आले. डॉक्टरांनी नुकतीच गाडी घेतली होती. गाडी चालवायला ते अजून शिकत होते, म्हणून दवाखान्यात स्कूटरने जात आणि गाडी आत झाकून ठेवून रोज पुसत. पेटीच्या कडेने स्कूटर निघत होती, त्यामुळे इतके दिवस त्यांना काही वाटलं नव्हतं. आज त्यांनी गाडीवरची खोळ काढली, गाडी मोठ्या धीराने फाटकापर्यंत आणली, आणि पेटीसमोर येऊन थांबले.

"काका, हे बाजूला घ्या ना. सराव करायचाय. शनिवारी सासूबाई येताहेत, त्यांना आणायला गाडी न्यायचीय."

"घेतो की," काका म्हणाले. "सुकलं की घेतो."

डॉक्टरांनी खाली उतरून पेटीला हात लावला. मग खांदा लावला. मग काकांकडे असं बघितलं, जसं ते एखाद्याला "अक्कलदाढ काढावी लागेल" हे सांगताना बघत. "काका, माझी गाडी आत आहे. आणि हे बाहेर आहे. आणि सासूबाई शनिवारी आहेत!"

त्यानंतरचे दिवस काका विसरू म्हटले तरी गल्ली विसरू देत नाही. पहिल्या दिवशी आठ जणांनी मिळून ढकललं. पेटी जागची हलली नाही, पण आठांतल्या एकाची विजार उसवली. दुसऱ्या दिवशी सर म्हणाले की पूर्वीचे लोक डोंगराएवढे दगड ओंडक्यांवरून सरकवत. म्हणून डॉक्टरांच्या गाडीचा जॅक लावून पेटी उचलायची आणि खाली लोखंडी नळ्या सारायच्या असं ठरलं. जॅक वर गेलाच नाही, जमिनीत खाली गेला. नळ्या वाकल्या. डॉक्टरांचा जॅक पेटीखाली अडकला तो अडकलाच, आणि आता डॉक्टरांचा एक नातलगच नव्हे तर एक अवजारही धोक्यात आलं.

तिसऱ्या दिवशी मेव्हणा मित्राची क्रेन घेऊन आला. बंद पडलेल्या गाड्या ओढून नेतात तसली. क्रेनवाल्याने विचारलं, "वजन किती?"

"सतराशे किलो," काका खालच्या आवाजात म्हणाले.

"सांगणारे नेहमी कमीच सांगतात."

"सतराशे म्हणजे सतराशेच!" काकांचा आवाज चढला. एवढी एकच गोष्ट उरली होती ज्यात ते अजून बरोबर होते.

क्रेनवाल्याने साखळी लावली, दांडी ओढली, आणि पेटीऐवजी क्रेनची पुढची चाकं हवेत उचलली गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. क्रेनवाला खाली उतरला, त्याने पेटीला दोन्ही हात जोडले आणि आपली साखळी सोडवून घेऊन निघून गेला. मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, घाटात आम्ही हे जागेवरच भरतो." हे वाक्य चहाच्या बशीबरोबरच आलं असतं तर किती बरं झालं असतं!

डॉक्टरांनी रागाच्या भरात क्षेत्र कार्यालयात फोन केला होता. नंतर त्यांना वाईट वाटलं, पण सुटलेला शब्द आणि उपटलेला दात परत बसत नाही. तेच भले साहेब आले. पेटीभोवती एक प्रदक्षिणा घातली, बोट लावून बघितलं.

"तुम्ही म्हणालात हलते."

"म्हणालो."

"हलवून दाखवा."

"आज जरा..."

"शनिवारी येतो," साहेब म्हणाले. "हलली तर टोपली. नाही हलली तर विनापरवाना बांधकाम. मग ही जाईल, आणि मागे काठावर ज्या लावणार आहात त्याही गेल्या म्हणून समजा. कायद्यापुढे माझा इलाज नाही."

काका त्या दिवशी जेवताना भाकरीचा एकच तुकडा मोडत बसले होते. स्वतःची फजिती त्यांनी एव्हाना गिळली होती. गल्लीत पोरंसोरं "एकच फेरी" म्हणून हाका मारायची, तेही त्यांनी ऐकून सोडलं. पण काठ बांधला नाही तर लिंब जाणार होता. लिंब गेला तर बाक जाणार, बाक गेला तर सकाळ जाणार, आणि ती सकाळ त्यांना आत्ता कुठे मिळाली होती. आभाळ रोज थोडं थोडं काळं व्हायला लागलं होतं.

"मी शब्द दिला होता तुला," ते ताटाकडे बघत म्हणाले. "मला नाही जमलं गं."

काकूंनी त्यांच्या ताटात भात वाढला. "एक विचारू? चिडणार नसाल तर."

"विचार."

"झाकण उघडता येत नाही का?"

काकांचा घास हातातच राहिला. खरं सांगायचं तर हे त्यांना क्रेनच्या आधीपासून, जॅकच्याही आधीपासून मनातल्या मनात ठाऊक होतं. पण आठवडाभर खपून, एकेक दगड निरखून बसवलेला. तो लाल दगड तर कोपऱ्यात असा बसला होता की लाखात एक. ते सगळं आपल्याच हाताने विस्कटायचं? त्यापेक्षा क्रेन बरी वाटली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण कधीकधी माणसाला कळसा काखेत आहे हे माहीत असतं, फक्त हात वर करवत नाही.

"उघडता येतं," ते शेवटी म्हणाले.

"मग उघडा. दगड कुठे पळून जाताहेत? तुमचे हातही इथेच आहेत."

शनिवारी सकाळी काका पक्कड घेऊन फाटकाशी आले तेव्हा सगळी गल्ली मजा बघायला हजर होती. साहेब आले. डॉक्टर घड्याळात बघत येरझारा घालत होते. काकांनी झाकणाची तार कापायला सुरुवात केली आणि त्याच वेळी एक टॅक्सी येऊन उभी राहिली. तिच्यातून तीन बॅगा आणि डॉक्टरांच्या सासूबाई उतरल्या. जावयाची वाट बघून कंटाळून त्या आपल्या आपण आल्या होत्या. सासूबाई एका मोठ्या रुग्णालयात मेट्रन होत्या. निवृत्त झाल्या होत्या, पण आवाज निवृत्त झाला नव्हता.

"काय चाललंय इथे? एवढी माणसं रिकामी का उभी आहेत?"

डॉक्टर सांगू लागले. सासूबाईंनी दोन वाक्यं ऐकली आणि हात वर केला. "समजलं. दगड इकडून तिकडे न्यायचे आहेत. आणि तुम्ही सगळे काय, भेटायला आलाय? एका रांगेत उभे राहा. फाटकापासून मागच्या काठापर्यंत. हातभर अंतर. जावईबापू, तुम्ही पहिले!"

तो आवाज असा होता की माणसं आधी रांगेत उभी राहिली आणि आपण का उभे राहिलो याचा विचार नंतर करू लागली. सर उभे राहिले, मेव्हणा उभा राहिला, उसवलेल्या विजारीवाला उभा राहिला, पलीकडच्या गल्लीतले लोकही येऊन उभे राहिले. काकांनी पेटीतला पहिला दगड काढला, तो लाल दगड. क्षणभर छातीशी धरला आणि डॉक्टरांच्या हातात दिला. डॉक्टरांनी सरांना, सरांनी पुढच्याला, आणि दगड फाटकातून, वाटेवरून, बोळातून हातोहात चालत गेला. काठावर काकू उभ्या होत्या. त्यांनी तो लिंबाखाली ठेवला.

मग दगड नुसते वाहू लागले. एकाने गाणं धरलं, दुसऱ्याने ते बिघडवलं, हसता हसता एकदोन दगड पायांवरही पडले. साहेब कडेला उभे होते ते सासूबाईंच्या नजरेस आले.

"तुम्ही कोण?"

"मी क्षेत्र कार्यालयाचा... मी तपासणीला..."

"मग इथे मध्ये अंतर पडलंय ते तपासा. या, उभे राहा."

साहेब उभे राहिले.

पेटी रिकामी झाली. डॉक्टरांनी आपला जॅक मिठी मारून परत घेतला. काकांनी रिकामी जाळी एका बाजूने धरली, काकूंनी दुसऱ्या बाजूने, आणि दोघं ती अलगद उचलून, साहेबांच्या समोरून, फाटकातून काठापर्यंत घेऊन गेले. एकच फेरी!

"साहेब," जाता जाता काका म्हणाले, "हलली का?"

साहेबांच्या हातात दगड होता. त्यांनी जरा विचार केला. "हलली," ते म्हणाले. "पण तिकडे नेऊन परत भरणार ना? भरल्यावर नाही हलणार."

"तुमच्या घरची टोपली तुम्ही भाजीसकट धुता का हो?" सासूबाईंनी मागून विचारलं. "आधी रिकामी करतात, मग हलवतात. पुढचा दगड घ्या!"

कायद्यात याला उत्तर नव्हतं. साहेबांनी पुढचा दगड घेतला.

काठावर काका खाली उतरून पेटी भरत होते आणि माणसं वरून दगड देत होती. एक पेटी झाली, तेव्हा रांग म्हणाली, ढीग अजून आहेच की, दुसरी घ्या. दुसरी झाली, तिसरी घेतली. दुपारी काकूंनी त्याच झाडाची लिंबं तोडून बादलीभर सरबत केलं. ते रांगेतून उलट्या दिशेने, पेल्या-पेल्याने फाटकापर्यंत गेलं. ऊन उतरेपर्यंत सहाही पेट्या लिंबाखाली खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. एकट्याने हेच काम केलं असतं तर काका दोन पावसाळे फेऱ्या मारत बसले असते. फाटकात चूक झाली नसती तर ही रांगही झाली नसती, हे मेव्हण्याने नंतर आपली योजना म्हणून चार ठिकाणी सांगितलं. सर पेट्यांमागे वाकून उभे राहिले आणि ओढ्याकडे बघून म्हणाले, "येऊ दे आता."

तो आला. यंदा तर फारच अंगात आल्यासारखा आला. दोन दिवस पेट्यांवर आपटला, दगडांतून फेसाळत गेला, आणि मुकाट्याने आपल्या पात्रात परत गेला. मूठभर माती हलली नाही.

पाणी ओसरल्यावरच्या पहिल्या सकाळी काका-काकू बाकावर चहा घेत बसले होते. खाली कोपऱ्यातल्या पेटीत तो लाल दगड धुऊन निघून चमकत होता. पहिल्या वेळेपेक्षा चांगला बसला होता, काकांनी ते दहादा बघून ठेवलं होतं.

"एक सांग," काका म्हणाले. "मी फाटकात भरायला लागलो, तेव्हा तुला कळलं होतं का? की हे हलायचं नाही म्हणून?"

"पहिल्याच दिवशी."

"पहिल्याच दिवशी?" काकांचा कप डचमळला. "मग बोलली का नाहीस? अख्ख्या गल्लीत माझी शोभा झाली, क्रेन वर उचलली गेली, आणि तू..."

"अहो, तुम्ही शीळ घालत होतात," काकू म्हणाल्या. "इतक्या वर्षांत तुम्हाला शीळ घालताना मी कधी ऐकलं नव्हतं. स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायचे. म्हटलं, पेटी काय, नंतरही रिकामी करता येते."

काकांनी कप खाली ठेवला, ओठांचा चंबू केला आणि शीळ घालायला गेले. पण त्यांना सारखं हसू येत होतं, त्यामुळे नुसतीच हवा बाहेर पडत राहिली. काकू म्हणाल्या, "असू दे, हेही छान आहे," आणि त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.